द्रासच्या खडकात उरलेला समुद्र

लडाखमध्ये द्रास गावाच्या आसपास काळपट हिरवा कातळ दिसतो. जवळ जाऊन पाहावं, तर काही ठिकाणी उशा एकावर एक रचून ठेवल्यासारखे गोलसर आकार सापडतात. तप्त लाव्हा गार पाण्यात उसळला की त्याची साल क्षणात काचेसारखी गोठते, आतला रस मात्र वाहताच राहतो; तो साल फोडून बाहेर पडतो आणि पुढची उशी तयार होते. म्हणजे आज ३ हजार मीटरहून उंच असलेला हा कातळ पाण्याखाली जन्मला.

तो समुद्र म्हणजे टेथिस. हे नाव १८९३ मध्ये भूवैज्ञानिक एडुआर्ट झ्यूस यांनी दिलं, आधार होता डोंगरांत सापडणाऱ्या सागरी जीवाश्मांचा. पण एवढा मोठा समुद्र गेला कुठे? १९३६ मध्ये स्विस भूवैज्ञानिक ऑगुस्टो गान्सर यात्रेकरूच्या वेषात कैलासपर्यंत पोहोचले आणि त्या परिसरात त्यांना समुद्रतळाचे व त्याखालच्या प्रावरणाचे, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थराचे, खडक दिसले. त्यांचा पुरता अर्थ लागायला मात्र १९६० च्या दशकात भूपट्टांचा, म्हणजे पृथ्वीच्या सरकत्या कठीण तुकड्यांचा, सिद्धांत यावा लागला. टेथिसचा तळ उत्तरेकडच्या भूपट्टाखाली सरकत गेला होता.

मला जीवाश्मांपेक्षा लाव्हाची साक्ष मोलाची वाटते. शंखशिंपले समुद्र होता एवढंच सांगतात. तो कसा संपला हे लाव्हा सांगतो. बुडणारा तळ आपल्या खनिजांत पाणी घेऊन जातो. साधारण १०० किलोमीटर खोलीपर्यंत त्यातलं बरंचसं पाणी सुटतं, वरच्या प्रावरणात शिरतं आणि त्याचा वितळणबिंदू खाली आणतं. तिथे जो शिलारस होतो, त्यात पाण्याबरोबर आलेलं बेरियम, स्ट्रॉन्शियम भरपूर असतं. पाण्यात सहजी न विरघळणारं नायोबियम मात्र कमी. द्रासच्या लाव्हात हीच खूण आहे. क्रिटेशस काळात, म्हणजे सुमारे साडेचौदा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, तिथे ज्वालामुखी बेटांची माळ होती. लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या चुनखडीत त्या समुद्रातले ऑर्बिटोलिना या बुटक्या शंकूसारख्या सूक्ष्मजीवांचे जीवाश्म अजून दिसतात.

पृष्ठभागापर्यंत न पोहोचलेला शिलारस खोलवर थिजून ग्रॅनाइटी खडक झाला. लेहहून खारदुंग ला चढताना रस्ता त्याच खडकांतून जातो. त्यांची वयं ढोबळमानाने १० कोटी ते ५ कोटी वर्षांच्या दरम्यान येतात. या काळाच्या अखेरीस, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी, भारताची भूमी आशियाला भिडली, बुडायला समुद्रतळ उरला नाही आणि या पट्ट्यातला शिलारसाचा पुरवठा आटला. बुडालेला तळ मात्र नाहीसा झालेला नाही. भूकंपलहरींवरून काढलेल्या, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रतिमांत भारताखाली प्रावरणात खोलवर त्याचे थंड तुकडे दिसले.