बहुसांस्कृतिक समाजातील व्यसनप्रतिबंध

भिन्न भाषा, धर्म, वंश आणि स्थलांतराचा इतिहास असलेले गट जिथे शेजारी राहतात, तिथे दारू, तंबाखू व अमली पदार्थांचे व्यसन जडण्याआधीच ते रोखण्याचे प्रयत्न. जडलेले व्यसन सोडवणे, म्हणजेच व्यसनमुक्ती, हा पुढचा टप्पा.

पत्रकाचे भाषांतर केले की काम झाले, हा या क्षेत्रातला जुना आणि महागात पडणारा गैरसमज. अमेरिकेतील आरोग्य-संशोधक केन रेस्निकाऊ व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये कार्यक्रम समाजाशी जुळवून घेण्याच्या दोन पातळ्यांची मांडणी केली. भाषा, चित्रे, पेहराव ही वरवरची पातळी. ती जुळली की माणसे निदान ऐकून घेतात. घरात शब्द कोणाचा चालतो, लाज कशाची वाटते, पूर्वजांवर काय गुदरले, ही खोलवरची. वागणे बदलायचे तर तिथपर्यंत जावे लागते.

स्थलांतरित कुटुंबात नवी भाषा मुलांना आधी येते. शाळेतून बोलावणे आले की मुलगाच दुभाषा होतो. शिक्षक त्याच्या खिशात सापडलेल्या सिगारेटबद्दल सांगत असतात, आणि वडिलांच्या कानावर नेमके तेवढेच पडत नाही. मुलावर लक्ष ठेवणारे घरच असे बाजूला पडते. म्हणून दुभाषा घरातला नसावा.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ कॅरल कम्फर यांनी १९८०च्या दशकात कुटुंबांसाठी आखलेला कार्यक्रम वेगवेगळ्या समाजांसाठी बदलून घेतला, तेव्हा शेवटपर्यंत टिकणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण जास्तीत जास्त ४० टक्क्यांनी वाढले. मात्र जुळवाजुळवीत मूळ सत्रेच कापली गेली, तिथे परिणामही काहीसा उणावला. बदल करावा तो उदाहरणांत, सणवारांत, बोलण्याच्या ढंगात. गाभ्याला हात लावू नये.

एखाद्या समाजावर ‘पिणारे लोक’ असा शिक्का मारणे तर घातकच. असा शिक्का बसलेली वस्ती म्हणजे कॅनडातील ब्रिटिश कोलंबियामधील अल्कली लेक. सेक्वेपेम या मूलनिवासी समाजाच्या या वस्तीत मुलांना सक्तीच्या निवासी शाळांत धाडले गेले होते आणि घरोघरी दारू शिरली होती. १९७२ मध्ये फिलिस चेल्सी यांच्या सात वर्षांच्या मुलीने, आईवडील पितात म्हणून, त्यांच्यासोबत घरी यायला नकार दिला. फिलिस यांनी दारू सोडली, मागोमाग पती अँडी यांनी. ते पुढे वस्तीचे प्रमुख झाले. सुरुवातीला दोघे एकटेच होते. मागे पडलेले विधी पुन्हा सुरू झाले, एकेक घर त्यांना येऊन मिळाले, आणि १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत वस्तीतल्या बहुतेक प्रौढांनी दारू सोडलेली होती.