मंडळाची गाडी कोणाच्या खात्यात? : पार्श्वभूमी

मतदानाच्या आदल्या रात्री लालबाग, भांडुप, दिवा, नालासोपारा इथून गाड्या सुटतात. पुढच्या काचेवर गावाचे नाव, त्याखाली ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’. पहाटे तिठ्यावर चाकरमानी उतरतात, घरी जाऊन आंघोळ-चहा उरकतात, शाळेत मत टाकतात आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत जातात. भाडे कोणी भरले हे विचारायची रीत नाही. कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले असते : मंडळाने. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हे उत्तर इतके अंगवळणी पडले आहे की, एके काळी कायद्यानेच ते पुरवले होते हे आता फारसे कोणाच्या लक्षात नसते.

फार मागे जाण्यात अर्थ नाही. खोतीच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या खोत जमीनदारांच्या, काळात मतासाठी खर्च करायची वेळच क्वचित येई. १९३५ च्या कायद्याखालचा मताधिकार मालमत्ता, सारा आणि शिक्षण यांना बांधलेला होता, बहुतेक कुळे त्या यादीत नव्हतीच. १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक आले, पुढच्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मोर्चा घेऊन मुंबईत धडकले आणि खोती प्रत्यक्षात गेली ती १९४९ च्या कायद्याने. प्रौढ मताधिकार आला तेव्हा इथला कर्ता पुरुष गिरणीत होता. त्याचे नाव गावच्या यादीत, पोट मुंबईत आणि मनिऑर्डर महिन्याच्या महिन्याला गावाकडे. त्याचे मत हवे तर त्याला आणावे लागणार होते. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडले. तोवर एसटी, खासगी गाडी, आणि एके काळी बोट.

बोटीचा उल्लेख उगाच केलेला नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातले कलम १२३ (५) उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी मतदारांची मतदान केंद्रापर्यंत फुकट ने-आण करण्यासाठी वाहन ‘किंवा जलयान’ लावणे हा निवडणूक रद्द करणारा गैरप्रकार ठरवते. त्यालाच एक गमतीदार सवलत जोडलेली आहे. मतदारांनी आपापसांत वर्गणी काढून वाहन किंवा होडी केली तर चालते, मात्र ती यांत्रिक शक्तीवर चालणारी नको. म्हणजे खाडीपलीकडच्या वाडीने चार-चार आणे जमवून वल्ह्याची होडी केली तर कायदेशीर, त्याच पैशात इंजिनाची लाँच केली तर त्या सवलतीबाहेर. सार्वजनिक वाहनाने पदरच्या पैशाने आलेल्याला काहीच अडचण नाही. मुंबईची गाडी या कलमाच्या कडेने निसटते, कारण कलम मतदान केंद्राबद्दल बोलते आणि गाडी सोडते तिठ्यावर. शिवाय असा आरोप जवळपास फौजदारी गुन्ह्याइतक्या कडक पुराव्याने शाबीत करावा लागतो. त्यामुळे गाडीचा खरा प्रश्न दुसऱ्या कलमात आहे, ७७ मध्ये.

कलम ७७ उमेदवाराला खर्चाचा हिशेब ठेवायला लावते आणि त्या खर्चाला मर्यादा घालते. मोजायचा तो त्याने किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने ‘केलेला किंवा करायला मुभा दिलेला’ खर्च. घोळ सगळा या ‘मुभा’त आहे. पक्षाने सभा लावली, मंडप घातला, जिपा फिरवल्या आणि उमेदवार त्या मंडपात हार घालून उभा राहिला, तर मुभा दिली असे म्हणायचे की नाही? सुरुवातीच्या निकालांचा कल ‘नाही’कडे होता. पक्षाने स्वतः होऊन केलेला खर्च पक्षाचा.

ऑक्टोबर १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे उलटवले. प्रकरण दिल्लीतल्या १९७१ च्या लोकसभा निवडणुकीचे होते आणि वाद मुख्यतः जाहीर सभांच्या खर्चाचा. न्यायालयाचे म्हणणे सरळ होते. एखाद्या विशिष्ट उमेदवारासाठी पक्ष खर्च करतो आहे, उमेदवाराला ते माहीत आहे, तो त्याचा फायदा घेतो आणि हात झटकत नाही, तर त्याने मूक मुभा दिली असे धरावे. नाहीतर मर्यादेला अर्थ उरत नाही. ज्याच्यामागे पैसेवाला पक्ष तो हवे तेवढे उधळणार आणि पदरमोड करून उभा राहिलेला तेवढा वहीत अडकणार.

तो महिना संपायच्या आत वटहुकूम निघाला आणि वर्षअखेर त्याचा कायदा झाला. कलम ७७ ला ‘स्पष्टीकरण १’ चिकटले : राजकीय पक्षाने, इतर कोणत्याही संघटनेने, व्यक्तींच्या समूहाने किंवा उमेदवार व त्याचा प्रतिनिधी सोडून कोणाही व्यक्तीने केलेला खर्च हा उमेदवाराचा खर्च समजला जाणार नाही, आणि तो कधीच तसा समजला जात नव्हता. दुसरा भाग मुद्दाम वाचावा. दुरुस्ती पुढच्यासाठीच नव्हती, मागचेही धुऊन काढणारी होती. ज्या उमेदवारांची निवडणूक सर्वोच्च न्यायालयाने, किंवा अपील न होता मुदत संपलेल्या निकालाने उच्च न्यायालयाने, आधीच रद्द केली होती तेवढ्यांना हात लावला नाही. बाकी चालू याचिकांतल्या खर्चाच्या मुद्द्यातली हवा निघाली.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. १९७१-७२ मध्ये लढलेल्यांनी त्या वेळच्या अर्थाने हिशेब भरला होता, मधेच अर्थ बदलून त्यांना अपात्र करणे अन्यायाचे, असा तो युक्तिवाद. पण त्यासाठी जुन्या निवडणुकांपुरती सवलत पुरली असती. ती कायमची करण्याचे, आणि पक्षाच्या जोडीला ‘संघटना, व्यक्तींचा समूह, कोणीही व्यक्ती’ असे सगळे दरवाजे सताड उघडण्याचे कारण त्या युक्तिवादात सापडत नाही. गावाचे मुंबई मंडळ म्हणजे व्यक्तींचा समूहच की! २०-२५ सभासद, एक अध्यक्ष, एक खजिनदार, पावतीपुस्तक आणि शिमग्याला, गणपतीला, पूजेला गाडी करायचा वर्षानुवर्षांचा सराव. दिल्लीत लिहिलेले वाक्य जणू परळच्या गाळ्यातल्या मंडळाला समोर ठेवूनच लिहिले होते.

पुढच्याच वर्षी, आणीबाणीत, आणखी एक शब्द हलला. खर्च मोजायचा तो निवडणुकीच्या अधिसूचनेपासून, असे आधी होते. १९७५ च्या दुरुस्तीने तो उमेदवाराच्या नामनिर्देशनाच्या दिवसापासून झाला. कोणाचा खर्च हे १९७४ ने सैल केले, कधीपासूनचा हे १९७५ ने. आज भाद्रपदात पक्षांचे फलक लावून कोकणात मोफत गाड्या सोडल्या जातात, नारळ फोडून, छायाचित्रे काढून. त्यात लपवण्यासारखे काही नसते, कारण कार्तिकात अर्ज भरायचा असला तरी भाद्रपदातली गाडी हिशेबात येतच नाही.

स्पष्टीकरण १ ला आव्हान दिले गेले आणि १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनात्मक म्हणून टिकवले. अहमदनगरच्या १९९१ च्या लोकसभा निवडणुकीचा खटला वर गेला तेव्हा, १९९३ मध्ये, त्याच न्यायालयाने कबूल केले की मर्यादा फक्त उमेदवाराच्या स्वतःच्या खर्चाला आहे आणि पक्षाचा व इतरांचा खर्च कायद्याच्या जाळ्याबाहेर सुखरूप आहे. १९९६ च्या निकालाने थोडी गाठ आवळली : पक्ष आपल्या खर्चाचे नीट हिशेब दाखवणार नसेल तर त्याला या स्पष्टीकरणाचा आडोसा मिळणार नाही.

जुने स्पष्टीकरण गेले २००३ मध्ये, म्हणजे जवळपास २९ वर्षांनी. त्या जागी आले ते फक्त पक्षाच्या नेत्यांच्या प्रवासखर्चापुरते. मान्यताप्राप्त पक्षाचे ४०, इतर नोंदणीकृत पक्षांचे २० नेते. त्यांची नावे अधिसूचनेनंतर ७ दिवसांत कळवायची आणि त्यांचा प्रवास उमेदवाराच्या खात्यात धरायचा नाही. हेच आपले ‘स्टार प्रचारक’. हा शब्द कलमात कुठेही नाही. कायदा साधेपणाने ‘राजकीय पक्षाचे नेते’ म्हणतो. लोकांचा समज असा की स्टार प्रचारकाची सभा फुकट धरली जाते. तसे नाही. सूट प्रवासाला आहे. उमेदवार मंचावर बसला किंवा त्याचा फोटो फलकावर लागला की मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक त्याच्या वहीत. नेत्याबरोबर त्याच वाहनातून गेला तर प्रवासाचा निम्मा खर्चही त्याच्याच वहीत. हेलिकॉप्टर कणकवलीला उतरले तरी उमेदवार स्वतःच्या जीपने सभेला का पोचतो, याचे कारण हे असू शकते.

ही वही मी जवळून पाहिली आहे. एका विधानसभा निवडणुकीत एका अपक्षाचे हिशेब लिहायला बसलो होतो. पांढरी पाने रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. प्रचाराच्या काळात तीनदा तपासणी. शेजारी प्रशासनाने ठरवलेले दरपत्रक : चहा, वडापाव, खुर्ची, गाडीचे दिवसाचे भाडे, सगळ्याला दर. दुसऱ्या तपासणीला समोरच्या अधिकाऱ्याने आमच्या सभेची चित्रफीत थांबवली आणि बोटाने खुर्च्या मोजल्या. ७ रांगा, रांगेत ३०. आमच्या वहीत १५०. साठ खुर्च्यांचा फरक दरपत्रकाने गुणून लाल शाईने चढला. मग त्याने चित्रफितीत मागे उभ्या असलेल्या दोन बसकडे बोट दाखवले. मी म्हणालो, मंडळाच्या आहेत. ‘मंडळाचे पत्र?’ पत्र होते, शिक्क्यासकट. ते फायलीला लागले आणि आम्ही पुढच्या पानावर गेलो. २००३ नंतर नुसत्या मंडळाच्या नावाने सूट मिळत नाही, पण मुभा उमेदवाराने दिली होती हे दाखवायला पत्रापलीकडे जावे लागते, आणि कोणी जात नाही. खुर्च्या मोजणे सोपे.

मर्यादेचा आकडा मात्र वाढत राहिला. मोठ्या राज्यांत लोकसभेला २०११ मध्ये ४० लाख, २०१४ मध्ये ७० लाख, जानेवारी २०२२ पासून ९५ लाख. विधानसभेला आता ४० लाख. मधल्या काळात मतदारसंघही ताणले गेले. २००९ च्या निवडणुकीपासून राजापूर, रत्नागिरी, कुलाबा ही नावे गेली आणि चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत एकच मतदारसंघ झाला. खाड्यांना वळसे घालत जाणाऱ्याला आणि एका उपनगरात फिरणाऱ्याला मर्यादा एकच.

पक्षाच्या खर्चाला तर मर्यादाच नाही, त्यामुळे तिकडे पैसा येतो कुठून ही गोष्ट समांतर चालते. १९५७ मध्ये एका पोलाद कंपनीला पक्षाला देणगी देण्याची मुभा हवी होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती दिली, पण यातला धोका ओळखून संसदेने लक्ष घालावे असेही बजावले. १९६० मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर मर्यादा आली, १९६९ मध्ये सरसकट बंदी, १९८५ मध्ये पुन्हा मोकळीक. २०१३ च्या कायद्याने सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची कड घातली, २०१७ मध्ये ती काढली आणि जानेवारी २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ते घटनाबाह्य ठरले. गुहागरच्या लोकांना या साखळीत एक जुनी कडी आठवते : तिथल्या वीज प्रकल्पाच्या परदेशी कंपनीने १९९५ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलेले, भारतीयांच्या ‘शिक्षणा’वर खर्चलेले २ कोटी डॉलर. लाचेचा आरोप झाला, सिद्ध झाला नाही.

सभागृहातल्या पैशाचा इतिहासही मुंबईपासूनच सुरू होतो. १९५१ मध्ये हंगामी संसदेतल्या मुंबईच्या एका सदस्याने सराफांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिची बाजू मांडल्याचे चौकशीत ठरले. हकालपट्टीआधी त्याने राजीनामा दिला. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतलेले ११ सदस्य एका दिवसात गेले. मतासाठी लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्याला १९९८ च्या निकालाने दिलेले संरक्षण ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायमूर्तींनी काढून घेतले.

७ मे २०२४ ला रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात लोकसभेचे मतदान झाले. मे महिना, आंब्याच्या पेट्या, चाकरमानी तसेही गावीच. गाड्यांची चर्चा कमी झाली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ जुलैला, १८६० ची दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर परस्पर खर्च करणाऱ्याला शिक्षा देणारे, मंडळाच्या गाडीला सरळ लागू पडू शकणारे कलम जुन्या संहितेत १९२० पासून होते, दंड जास्तीत जास्त ५०० रुपये. नव्या संहितेत ते कलम १७६ झाले आणि दंड १०,००० पर्यंत गेला. त्यातली जुनी सवलत तशीच ठेवली आहे : खर्च १० रुपयांच्या वर नसेल तर १० दिवसांत उमेदवाराची लेखी मंजुरी आणली की चालते.