'निमगोरी' कुठून आली?

मामेबहिणीच्या लग्नाचा फॉर्म मी भरत होते. नाव, रास, नाडी, उंची आणि मग 'वर्ण'. "निमगोरी लिही," ती म्हणाली, "सावळी लिहिलंस तर पुढचं कोणी वाचणार नाही." तेव्हा ती एम.कॉम. करत होती आणि शिकवण्या घेऊन घराला हातभार लावत होती. हे सगळं त्या रकान्याच्या खाली होतं. स्वतःकडे अशा परक्या नजरेने बघायला ती कधी शिकली, हा प्रश्न मला आजही छळतो.

रंगावरून माणूस तोलायची खोड जुनीच. पण पंढरीचा सावळा विठ्ठल डोळे भरून पाहणारे, द्रौपदीला कृष्णा म्हणणारेही आपणच. इंग्रजी अमलात गोरेपणाला सत्तेचं वजन आलं. १९०१च्या जनगणनेचा प्रमुख हर्बर्ट रिस्ले याने तर नाकाच्या मापांवरून जातींची उतरंड लावायचा घाट घातला होता.

मग बाजार आला. १९१९ साली मुंबईत इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी 'अफगाण स्नो' काढला आणि स्नो-पावडर घरोघरच्या फडताळात जाऊन बसली. १९७५ साली हिंदुस्थान लिव्हरची 'फेअर अँड लव्हली' आली. तिच्यातलं नायसिनामाइड हे 'ब३' जीवनसत्त्वाचंच एक रूप. त्वचेतलं मेलॅनिन वरच्या पेशींपर्यंत पोहोचणं ते काहीसं कमी करतं. पण माझ्या मते क्रीमपेक्षा घातक होती ती पाकिटावरची रंगपट्टी. गडद ते फिकट अशा छटा ओळीने छापलेल्या. आरशासमोर उभं राहून ती गालाशी धरायची आणि आपण कितव्या घरात आहोत ते बघायचं. बघायला येणारे पाहुणे वर्षातून दोन-चारदा येत. ही पट्टी रोज सकाळी हाताशी असे.

जाहिरातींनी उरलंसुरलं काम केलं. एकीत बाप मुलगा नाही म्हणून हळहळतो आणि मुलगी क्रीम लावून, उजळून हवाई सुंदरी होते. जनवादी महिला संघटनेने अशा जाहिरातींविरुद्ध चिकाटीने लढा दिला आणि २००३ साली कंपनीला दोन जाहिराती थांबवाव्या लागल्या. या लढ्याचं श्रेय त्या बायकांना फारसं कोणी देत नाही. सावळ्या माणसाला दुःखी, अनाकर्षक किंवा कमी लायकीचं दाखवू नये, असा नियम जाहिरात मानक परिषदेने केला तो २०१४ साली.

रंगपट्टी २०१९मध्ये पाकिटावरून गेली. पुढच्या वर्षी अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर वर्णभेदाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा क्रीमच्या नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. शादी डॉट कॉमनेही वर्णानुसार स्थळं गाळायची सोय काढून टाकली.

गेल्या महिन्यात भाचीचा बायोडेटा व्हॉट्सअ‍ॅपवर आला. उंचीच्या खाली, रक्तगटाच्या वर, 'वर्ण : निमगोरा'.