पबमेडच्या आधीही मार्गदर्शिका वाचता येत होत्या

‘१९९७मध्ये पबमेड (वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची) मोफत झालं आणि तेव्हाच सामान्य माणसाला उपचार-मार्गदर्शिका संगणकावर वाचता आल्या’ हे अजूनही सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. पबमेडवर लेखांच्या नोंदी आणि फार तर सारांश मिळत. पूर्ण मजकूर नव्हे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने ‘एचस्टॅट’ या आपल्या ऑनलाइन संग्रहात सरकारी मार्गदर्शिका आधीच, १९९४च्या सुमारास, पूर्ण आणि फुकट ठेवल्या होत्या. टेलनेट, गोफर किंवा एफटीपी या इंटरनेटच्या जुन्या पद्धतींनी त्या उघडत. १९९४ची कंबरदुखीची मार्गदर्शिकाच घ्या: डॉक्टरांसाठी सविस्तर आवृत्ती, झटपट पाहायला संक्षिप्त आणि रुग्णांसाठी सोप्या भाषेतली वेगळी. रुग्णांची आवृत्ती मुद्दाम तयार केली होती, हे विसरलं जातं ते फार खटकतं.

जुनी प्रत सापडली तर आधी साल बघा. तिच्यावरून आज औषध ठरवू नका.