सांबा सर्व्हरवरील पासवर्ड-जुळवणी

लिनक्स किंवा युनिक्स संगणकावरील फोल्डर विंडोज संगणकांना वापरता यावेत, यासाठी चालवल्या जाणाऱ्या सांबा या सर्व्हरवर एखाद्याने आपला पासवर्ड बदलला, की त्याच व्यक्तीच्या युनिक्स खात्याचा पासवर्डही आपोआप बदलला जावा, अशी केलेली रचना म्हणजे पासवर्ड-जुळवणी होय. सांबाचा आरंभ ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास केला. एस, एम, बी ही एसएमबी प्रोटोकॉलची (विंडोज संगणक फाइलींच्या देवघेवीसाठी पाळतात त्या नियमांची) अक्षरे त्याच क्रमाने असलेला शब्द त्यांनी संगणकातील शब्दसूचीत शोधला आणि त्यातून हे नाव मिळाले. मराठी वाचकाला आठवणाऱ्या सांब सदाशिवाशी त्याचा संबंध नाही.

एकाच माणसाचे दोन पासवर्ड का असावेत, हा प्रश्न येथे प्रथम पडतो. युनिक्स पासवर्डाचा सॉल्ट (यादृच्छिक अक्षरे) मिसळलेला हॅश (पासवर्डावरून गणिताने काढलेला ठसा) शॅडो या संरक्षित फाइलीत ठेवते, तर विंडोजच्या पद्धतीला एमडी४ या हॅश काढण्याच्या पद्धतीवर आधारलेला, सॉल्ट नसलेला हॅश लागतो आणि तो सांबा स्वतःच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये सांभाळतो. दोन्ही हॅश एकदिश असल्यामुळे एकावरून दुसरा काढता येत नाही. शिवाय विंडोज पद्धतीने लॉगइन होताना मूळ पासवर्ड सर्व्हरपर्यंत पोचतच नाही, हॅशच्या आधारे केलेली प्रश्नोत्तरे तेवढी पोचतात. पासवर्ड बदलतानाच फक्त नवा पासवर्ड, जुन्या हॅशच्या किल्लीने कूटबद्ध होऊन, सर्व्हरकडे येतो आणि तेथे उलगडला जातो. जुळवणीची सगळी यंत्रणा या एका क्षणावर उभी आहे.

ती सुरू करण्यासाठी सांबाच्या कॉन्फिगरेशन फाइलीत ‘युनिक्स पासवर्ड सिंक’ हा पर्याय चालू करावा लागतो, पासवर्ड बदलणाऱ्या आज्ञेचा पूर्ण पाथ (यंत्रावरील पत्ता) द्यावा लागतो आणि त्या आज्ञेशी बोलण्याची पद्धत ‘पासवर्ड चॅट’ या ओळीत लिहावी लागते. (ही नावे फाइलीत अर्थातच रोमन लिपीत असतात.) सर्व्हर ती आज्ञा रूट (सर्व अधिकार असलेले खाते) म्हणून चालवतो, कारण त्याच्याजवळ जुना युनिक्स पासवर्ड नसतो आणि रूटला तो विचारला जात नाही. आधी युनिक्सचा पासवर्ड बदलला जातो. तो बदलला नाही, तर सांबाचाही बदलत नाही. हा क्रम जाणूनबुजून ठेवलेला आहे.

चॅटची ओळ म्हणजे आलटूनपालटून येणाऱ्या अपेक्षा आणि उत्तरांची माळ असते. आज्ञेकडून अमुक मजकूर आला की नवा पासवर्ड पाठवायचा, पुन्हा विचारले की पुन्हा तोच पाठवायचा, आणि शेवटी यशाचा संदेश दिसला की काम झाले असे मानायचे. अपेक्षित मजकुरात तारांकन हे कोणत्याही अक्षरांसाठी, तर काही पाठवायचे नसल्यास नुसता पूर्णविराम वापरतात. या रचनेचा कमकुवतपणा उघड आहे: माणसाने वाचावा म्हणून लिहिलेला संवाद येथे यंत्र वाचत असते. डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर पूर्वी नव्या पासवर्डाच्या प्रश्नात ‘युनिक्स’ हा शब्द येत असे, पुढच्या आवृत्त्यांत तो गेला; रेड हॅट या दुसऱ्या प्रकाराचा यशाचा संदेश डेबियनच्या संदेशाहून वेगळाच आहे. प्रश्न दुसऱ्या भाषेत छापला गेला तरी जुळणी फसते. वेळेची मर्यादाही कडक आहे. पहिल्या प्रतिसादासाठी मुळात २ सेकंद मिळतात आणि त्यापुढच्या प्रत्येकासाठी त्याचा दहावा भाग, म्हणजे ०.२ सेकंद. त्यामुळे पासवर्डाची छाननी करायला थोडा जास्त वेळ घेणारी आज्ञा काहीही न बिघडता अपयशी ठरू शकते.

पॅम ही प्रमाणीकरण-व्यवस्था असलेल्या यंत्रांवर ‘पॅम पासवर्ड चेंज’ हा पर्याय चालू करणे अधिक शहाणपणाचे आहे. मग बाहेरची आज्ञा चालवली जात नाही, चॅटमधील जोड्या कोणत्याही क्रमाने जुळल्या तरी चालतात आणि यशापयश छापील संदेशावरून न ठरता पॅमने दिलेल्या निकालावरून ठरते.

रूटच्या अधिकारामुळे एक अडचण सहज नजरेआड होते. पासवर्डाची लांबी आणि गुंतागुंत तपासणारे पॅमचे नियम रूटला बहुधा केवळ इशारा देतात, अडवत नाहीत. म्हणून कमकुवत पासवर्ड या वाटेने आत येऊ शकतो. तो थांबवायचा असेल तर किमान लांबीचा नियम आणि तपासणीची स्क्रिप्ट सांबाच्याच बाजूला लावावी लागते. चॅट बिघडल्यास शोध घेण्यासाठी ‘पासवर्ड चॅट डीबग’ हा पर्याय आहे. लॉगची (सर्व्हरच्या नोंदवहीची) पातळी १०० केल्यावर त्यातून संपूर्ण संवाद नोंदला जातो, आणि त्यात नवा पासवर्ड उघड्या अक्षरांत असतो. दोष सापडताच हा पर्याय बंद करून ती लॉग फाइल पुसून टाकावी.

ही जुळवणी एकाच दिशेने चालते. टर्मिनलवर युनिक्सचा पासवर्ड बदलला तर सांबाला त्याचा पत्ता लागत नाही. ती उणीव भरून काढणारे पॅमचे एक मॉड्यूल सांबाबरोबर येत असे, पण ४.४ या आवृत्तीपासून ते काढून टाकण्यात आले. रूटने सर्व्हरवरच सांबाच्या आज्ञेने कोणाचा पासवर्ड बदलला, तर तो थेट डेटाबेसमध्ये लिहिला जातो आणि चॅट चालतच नाही. साध्या वापरकर्त्याने तीच आज्ञा दिली, तर ती सर्व्हरमार्फत जाते आणि दोन्ही पासवर्ड बदलतात. जुळवणीची चाचणी रूट म्हणून घेणाऱ्याला याच कारणाने सेटिंग चुकल्याचा भास होतो.

डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या सांबा ४.० पासून हा सर्व्हर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा (संपूर्ण नेटवर्कची खाती एकत्र ठेवणाऱ्या विंडोजच्या व्यवस्थेचा) डोमेन कंट्रोलर, म्हणजे ती खाती सांभाळणारा सर्व्हर, म्हणूनही चालवता येतो. तेथे खाती एकाच डिरेक्टरीत राहतात आणि लिनक्स यंत्रे विनबाइंड या सांबाच्याच सेवेमार्फत त्यांचीच खातरजमा करून घेतात, त्यामुळे त्या खात्यांपुरती जुळवणीची गरज उरत नाही.