‘सर, थांबा’ म्हणण्याची मुभा: सर्जिकल चेकलिस्टची पार्श्वभूमी

स्टीफन बोल्सिन हे भूलतज्ज्ञ १९८८ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरीत रुजू झाले. लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया तिथे फार लांबत आणि मुलं जास्त दगावत, हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. १९९० मध्ये त्यांनी रुग्णालयाच्या मुख्याधिकाऱ्यांना पत्र लिहिलं, पुढे स्वतः आकडेवारी गोळा केली. तरी शस्त्रक्रिया १९९५ पर्यंत चालूच राहिल्या. बोल्सिन अखेर ऑस्ट्रेलियाला गेले. २००१ च्या चौकशी अहवालानुसार, १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालची ३० ते ३५ बाळं अपेक्षेपेक्षा जास्त दगावली होती. दोष फक्त सर्जनच्या हातांचा नव्हता. वरिष्ठांच्या कोंडाळ्याबाहेरच्या कुणाचं ऐकायचंच नाही, अशी तिथली रीत पडली होती. मुख्याधिकारी स्वतः डॉक्टर होते. १९९८ मध्ये त्यांची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. त्यांनी तर हातात सुरीही धरली नव्हती. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

जून २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १९ मुद्द्यांची सर्जिकल चेकलिस्ट, म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी सगळ्यांनी मिळून पडताळायच्या गोष्टींची यादी, आणली. या कामाचे प्रमुख होते अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे. त्यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत चाचणी झाली आणि मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. चेकलिस्टमधला एक मुद्दा दिसायला अगदी साधा आहे: छेद घेण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. पण सुरुवातीलाच जिचा आवाज सगळ्यांनी ऐकला, ती सिस्टर टाके घालायच्या वेळी रक्त टिपायची कापडं (मॉप) मोजताना ‘सर, थांबा, एक मॉप कमी भरतोय’ हे सहज म्हणू शकते.

पुढे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात चेकलिस्ट सक्तीची झाली. २०१४ च्या अभ्यासात तिथल्या १०१ रुग्णालयांत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. कागदावर टिकमार्क करणं वेगळं आणि सगळ्यांनी हातातलं काम थांबवून ऐकणं वेगळं.

अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी दुसरी वाट धरली होती. तिथे दोन महिने आधी तयारी झाली, मग एक दिवस ऑपरेशन थिएटर बंद ठेवून सर्जन, भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि तंत्रज्ञ यांचं एकत्र प्रशिक्षण झालं. अशा ७४ रुग्णालयांत वार्षिक मृत्युदर १८ टक्क्यांनी घटल्याचं २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. थिएटर दिवसभर बंद ठेवायचं म्हणजे ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलायच्या, आणि तो निर्णय वरिष्ठांनाच घ्यावा लागतो.