सगळं काय उन्हाळीवर ढकलता!

एप्रिल-मे मध्ये सोलापुरात लघवीला जळजळ झाली म्हणून कुणी लगेच डॉक्टर गाठत नाही. उन्हाळी लागली म्हणतात, ताक पितात, सब्जाचं पाणी, धने-जिऱ्याचं पाणी, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा तेवढ्यावर भागतंही. 42-43 डिग्रीत घामावाटे पाणी गेलं की लघवी पिवळीधमक होते, जाताना चुरचुरते, पोटात पाणी गेलं की एक-दोन दिवसात थांबतं. इथवर सगळं ठीक. पण मग सवयच लागते, पू आला तरी उष्णता, लिंगावर फोड आला तरी उष्णता, बायकोच्या अंगावरून वासाचं पांढरं जायला लागलं तरी उष्णताच. उन्हानं पू होत नाही हो, पू जंतूनं होतो, आणि तो जंतू बहुतेक वेळा संबंधातून आलेला असतो.

जुनी माणसं ज्याला परमा म्हणतात तो गोनोरिया. पुरुषात साधारण 2 ते 7 दिवसात जळजळ आणि पू, म्हणजे निदान दिसतो तरी. त्याच्याबरोबर बऱ्याचदा क्लॅमिडिया असतो, तो जास्त गुपचूप. साधारण 10 पैकी 7 बायकांना काहीच जाणवत नाही, जंतू मात्र वर सरकत गर्भनलिकांपर्यंत जातो, तिथं सूज येते, नळ्या चिकटतात, आणि पुढं मूल होईना म्हणून देवधर्म, डॉक्टर, सासरचे टोमणे सगळं सुरू होतं, मूळ कारण कुणी विचारत नाही. गर्भ नळीतच राहण्याचा धोका असतो तो वेगळाच. (पाळीच्या मधल्या दिवसात पातळ, बिनवासाचं पांढरं जाणं नॉर्मल असतं बरं का, तेवढ्यासाठी घाबरू नका. वास, खाज, पिवळा-हिरवा रंग, ओटीपोटात दुखणं असेल तर दाखवा.)

सगळ्यात फसवा म्हणजे सिफिलिस, आपल्याकडची गरमी. लागण झाल्यावर 10 ते 90 दिवसात, बहुतेकदा तीनेक आठवड्यांनी, एक फोड येतो. तो दुखत नाही, खाजत नाही, आणि काही आठवड्यात आपोआप भरून येतो. माणूस खूष, मेडिकलवरून आणलेल्या मलमाचा गुण आला म्हणतो. मलमाचा काही संबंध नसतो, जंतू तोवर रक्तात गेलेला असतो. पुढं तळहात-तळपायावर पुरळ येतो, तोही जातो, मग कित्येक वर्षं शांतता, आणि शेवटी काहींच्या हृदयाला नाहीतर मेंदूला त्रास. गरोदर बाईला असेल तर पोटातल्या बाळाला लागण होते, म्हणून तर गरोदरपणात एचआयव्हीबरोबर ह्याचीही रक्ततपासणी करतात. आणि इलाज काय तर पेनिसिलिन, जुनंच औषध, स्वस्त, अजूनही चालतं. गोनोरियाचं तसं नाही, तो एकेका अँटिबायोटिकला दाद देईनासा झालाय, त्यामुळे मित्राच्या उरलेल्या गोळ्या दोन दिवस खाऊन सोडून देणं ही सगळ्यात वाईट आयडिया.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात रोज 10 लाखांहून जास्त लोकांना बऱ्या होणाऱ्या लैंगिक आजारांची नवी लागण होते, आणि त्यातल्या बहुतेकांना लक्षणंच नसतात. म्हणजे समोरचा माणूस बघून, स्वच्छ आहे, चांगल्या घरचा आहे असं म्हणून काहीही ठरवता येत नाही. 

मग उरतो कंडोम. नीट आणि दरवेळी वापरला तर एचआयव्हीचा धोका सुमारे 80 टक्क्यांनी कमी होतो. ह्यात नीट आणि दरवेळी हेच अवघड. सोलापूरच्या उन्हात तो गाडीच्या डिकीत ठेवला किंवा पाकिटात महिनोन्महिने दाबून ठेवला की लॅटेक्स कमजोर होतं, मग फाटतो आणि लोकं कंपनीला शिव्या द्यायलेत. घरात कपाटात, सावलीत ठेवा, एक्सपायरी बघा, पाकीट दातानं फाडू नका. घालताना टोक चिमटीत धरून हवा काढा, झाल्यावर कडा धरून लगेच बाहेर या. आणि खोबरेल तेल, व्हॅसलीन, बेबी ऑइल अजिबात नाही, तेल लागलं की लॅटेक्स मिनिटाभरात कमकुवत व्हायला लागतं, लागलंच तर पाण्याचं किंवा सिलिकॉनचं जेल मिळतं ते घ्या. सेफ्टी म्हणून दोन एकावर एक घालणारे पण असतात, तसं करू नका, घासून फाटण्याचीच शक्यता वाढते. मेडिकलवर मागायची लाज वाटते हे मान्य, नव्या पेठेत ओळखीचं कुणी ना कुणी भेटतंच, पण सरकारी केंद्रांवर फुकट मिळतात.

कंडोमनं सगळं झाकलं जात नाही हेही सांगायला हवं. हर्पिस (पाण्याच्या फोडांचा आजार), सिफिलिस, एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचा विषाणू) हे कातडीला कातडी लागून पसरतात, झाकलेल्या भागाबाहेर फोड असला तर धोका राहतो. तोंडानं केलेल्या संबंधातूनही गोनोरिया, सिफिलिस होतो. गर्भनिरोधक गोळी आणि तांबी मूल थांबवतात, जंतू नाही. एचपीव्हीवर मात्र लस आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी साधारण 70 टक्के त्याच्या 16 आणि 18 ह्या दोन प्रकारांमुळे होतात, आणि 2023 पासून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस बाजारात आलीय. मुलींना 9 ते 14 वयात दिली तर सगळ्यात चांगलं, म्हणजे संबंध सुरू व्हायच्या आधी. हिपॅटायटिस बी पण संबंधातून पसरतो, त्याचीही लस आहे.

आता घड्याळाचं. शनिवारी रात्री चूक झाली आणि सोमवारी लॅबमध्ये जाऊन एचआयव्ही निगेटिव्ह आला, तर तो रिपोर्ट त्या शनिवारबद्दल काहीच सांगत नाही. टेस्टमध्ये शोधतात त्या अँटिबॉडी, म्हणजे शरीर विषाणूविरुद्ध बनवतं ते घटक, तयार व्हायला वेळ लागतो, बहुतेकांत काही आठवड्यात टेस्टमध्ये दिसतं, पण खात्रीनं निगेटिव्ह म्हणायला 3 महिने धरतात. उलट त्या सोमवारी करण्यासारखं एक काम असतं ते कुणी करत नाही. धोका खरोखर मोठा असेल तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना विचारून एचआयव्हीची लागण रोखणारी पेप नावाची औषधं सुरू करता येतात, 28 दिवस घ्यायची, आणि जितकी लवकर तितकी उपयोगी. तीन दिवस विचार करण्यात घालवले की हा रस्ता बंद.

सिव्हिलमध्ये तपासणीला जायचं म्हटलं की पहिली भीती बोभाट्याची. एचआयव्हीच्या बाबतीत तर कायदाच आहे, 2017 चा, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू, संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. आयसीटीसी म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रात तपासणी आणि समुपदेशन फुकट, लैंगिक आजारांसाठी वेगळं सुरक्षा क्लिनिक असतं, तिथं लक्षणं बघून त्याच दिवशी औषधांचं पूर्ण किट देतात, आजारानुसार किटचा रंग वेगळा, राखाडी, हिरवं, पांढरं असं. कुठं जायचं कळत नसेल तर 1097 ह्या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन करा, नाव सांगावं लागत नाही. समजा पॉझिटिव्ह निघालात, तरी नियमित गोळ्यांनी रक्तातला विषाणू टेस्टमध्ये दिसेनासा झाला आणि तसाच राहिला की संबंधातून तो जोडीदाराला जात नाही, हे आता पक्कं झालंय.

आणि एक, एकट्यानं इलाज करून उपयोग नसतो. नवऱ्यानं गोळ्या खाल्ल्या, घरी काही बोलला नाही, बायकोकडं जंतू तसाच, मग महिन्याभरात ह्याला परत, आणि हा म्हणणार औषधच भिकार होतं. सुरक्षा क्लिनिकवाले जोडीदाराला आणा म्हणून मागं लागतात ते ह्यासाठीच. दोघांचे इलाज पूर्ण होऊन 7 दिवस जाईपर्यंत संबंध बंद, आणि साधारण 3 महिन्यांनी परत एकदा तपासणी, कारण पुन्हा लागण होणारे लई असतात.